दोन्ही हात कामात

६ जानेवारी, सोमवार

तीन कॉल! पहिल्याच दिवशी तीन!

पहिला बँकेतला. दुसरा मोबाइलच्या दुकानातला — ते तर भांडणच होतं, आणि दोन्ही बाजूंनी मलाच भांडावं लागलं. गिऱ्हाइकाचं तोंडानं, दुकानदाराचं हातानं! तिसऱ्याला फक्त विचारायचं होतं, सिलेंडर कधी येईल. दीड मिनिटात संपला. मी मात्र अर्धा तास खुर्चीतच.

सासूबाईंना सकाळी समजावून सांगितलं होतं. आई, ज्याला ऐकू येत नाही तो माणूस बँकेत जातो, दवाखान्यात जातो. तिथं मोबाइल उघडतो. पडद्यावर मी दिसते. तो हातानं बोलतो, ते मी समोरच्याला तोंडानं सांगते. समोरचा तोंडानं बोलतो, ते मी त्याला हातानं सांगते. आई माझ्या तोंडाकडं टक लावून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अन् याले नौकरी म्हन्तेत?"

म्हणतात! तीन महिन्यांची ट्रायल, मग कायम. इथं सौंसरात, घरी बसून! मागं साधी निळी चादर, हातात बांगड्या नाहीत, कपड्यावर फुलं नाहीत. चित्रात दुसरं कोणी येता कामा नये, दुसरा आवाज येता कामा नये. आला की शेरा. ट्रायलमध्ये तीन शेरे झाले की संपलं.

घरात एक सहा वर्षांची, एक अडीच वर्षांची. हे मुलाखतीत कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रोशनदादाला व्हिडिओ लावून सांगितलं. त्यानं दोन्ही हात वर करून इतके हलवले की फोन पडला त्याचा. माझ्या या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. पांढुर्ण्याच्या घरात मी बोलायच्या आधी हात हलवायला शिकले ते त्याच्यामुळे. पुढं नागपूरला रीतसर कोर्स केला. पण खरी शाळा तोच.

७ जानेवारी, मंगळवार

पाच कॉल. धाकट्या तृप्तीला दारामागं बिस्किटाचा पुडा देऊन बसवलं. पुडा आणि शेवटचा कॉल एकाच वेळी संपले. देव आहे!

९ जानेवारी, गुरुवार

पहिला शेरा.

कोर्टाच्या कागदाचं काहीतरी होतं. वकील बोलून राहिले, मी हातानं सांगून राहिले. पडद्यावरचे दादा एकाएकी हसायला लागले. वकील गोंधळले. मी पण. मग पडद्यावर स्वतःचं चित्र पाहिलं — माझ्या मागं निळ्या चादरीसमोर तृप्ती उभी. डोक्यावर प्लास्टिकची बादली. बाकी अंगावर काही नाही!

हसू येऊन राहिलं लिहिताना. तेव्हा नाही आलं. दाराला बाहेरून कडी घालायला लावली होती मी. बाहेर आई होत्या. त्यांना म्हटलं, "तुम्ही बसल्या होत्या ना तिथंच? कडी काढली तिनं, बादली खडखडत नेली, तुम्हाला समजलंच नाही?" नुसती मान हलवली त्यांनी. टीव्हीचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत.

शीतल मॅडमचा फोन आला ऑफिसातून. चांगल्या आहेत. "वैशाली, काम फार सुंदर आहे तुझं. पण शेरा मला टाकावाच लागेल." टाका म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

शेजारच्या रजनी वहिनी — "तू तं घरीच असते ना, माह्या दळणाचा डबा आणशील का?" घरीच असते!! घरी असणं आणि घरात सापडणं वेगळं, हे कोणाला कसं सांगू.

पण आज एक आजोबा, सत्तरीचे, मुलाशी माझ्यामार्फत बोलले. मुलगा दुबईला. चार वर्षांत पहिल्यांदा नीट बोलणं झालं म्हणे त्यांचं. शेवटी आजोबांनी मला नमस्कार केला. दिवसभर उडत होते मी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दुसरा शेरा. तोही सणाच्या दिवशी. तोही सासूबाईंमुळे!

सकाळी दोनदा सांगितलं, आई, तीन ते पाच माझी ड्युटी आहे, कोणाला आत पाठवू नका, हळदीकुंकू पाचनंतर. मान हलवली त्यांनी. साडेतीनला, दवाखान्याचा कॉल चालू असताना, दार धाडकन उघडलं. "वैशाली व! तिळाचे लाडू कोठी ठेवले?" एवढ्या मोठ्यानं की डॉक्टरनं तिकडून विचारलं, कौन है? मी हातानं त्यांना थांबा थांबा करते, तर त्या अजून जवळ येऊन, अजून मोठ्यानं. मागं बायका उभ्या, नटून-थटून.

आता एकच राहिला. अडीच महिने काढायचेत.

लाडू वाटताना मी हसले सगळ्यांशी. आईंशी नाही बोलले. नवरा, नितीन, म्हणाला, "जाऊ दे, आईचा सोभाव आहे." स्वभाव? मला वाटते, मुद्दामच करतात. सून दार लावून बसते ते पटत नाही त्यांना. लिहून टाकलं एकदाचं.

१६ जानेवारी, गुरुवार

अजून बोलत नाही मी. त्याही नाहीत. डाळ जळाली आज, कुकरच्या आठ शिट्ट्या होऊन गेल्या आणि त्या शेजारी बसून मेथी निवडत होत्या. उठल्या नाहीत. बघा म्हणजे!

१९ जानेवारी, रविवार

लिहायला हात थांबत नाहीत आणि लाजही वाटून राहिली.

रोशनदादा आला नागपूरहून. मुलींना दोन पतंग, मला संत्र्याची बर्फी (संत्र्याच्या बागांतल्या सौंसरच्या माणसाला संत्र्याची बर्फी! पण तो असाच). दुपारी जेवला, आईंच्या समोर बसून राहिला. त्याला बोलता येत नाही, त्यांना हात समजत नाहीत. दोघं आपले बसले होते मजेत.

मग माझ्याकडं आला आणि हातानं म्हणाला, तुझी सासू ऐकत नाही.

म्हटलं, हो ना! कधीच ऐकत नाही माझं.

तसं नाही, म्हणाला. ऐकू येत नाही. ओठ वाचतात त्या. तू पाठ फिरवली की गप्प होतात. मान हलवतात ना सगळ्याला? मीही शाळेत तेच करायचो. सगळ्याला मान हलवायची, म्हणजे कोणी पुन्हा विचारत नाही.

मी म्हटलं, काहीतरीच. तर त्यानं मला उभं केलं. आई मोरीपाशी, पाठ आमच्याकडं. म्हणाला, हाक मार. मारली. "आई." नाही. "आई!" नाही. ताटली आपटली. नाही. मग त्यानं पाय जोरात जमिनीवर मारला. आई झटकन वळल्या आणि हसल्या, "काय झालं रे भाऊ?"

दादा माझ्याकडं पाहून म्हणाला, तू दुभाषी ना? मग पाच वर्षं झाली लग्नाला —

सात, म्हटलं मी.

अर्ध्या तासात दिसलं त्याला. ज्याला ऐकू येत नाही त्याला.

२० जानेवारी, सोमवार

कॉल संपल्यावर आईंच्या समोर जाऊन बसले. उजेडाकडं तोंड करून. हळू म्हटलं, "आई, कधीपासून?"

पहिले म्हणाल्या, काय कधीपासून. मग हातातलं लसूण खाली ठेवलं.

"दोन वर्सं झाले. डाव्यानं तं काहीच नाही. उजव्यानं भुनभुन येते नुसती."

"सांगितलं का नाही?"

"कोनाले सांगू? बहिरी म्हनून हासतीन. अन् तू पोट्टीले माह्यापाशी ठेवून काम करते. तुले समजलं असतं तं ठेवली असती का?"

नसती ठेवली, हे खरंच आहे.

"ते बादलीच्या दिवसी," म्हणाल्या, "मी दाराकडंच पाहून राह्यली होती. एक डाव डोळा लागला माहा. मले का ऐकू येते, उठाले?"

डोळ्यांनी राखत होत्या तृप्तीला! दिवसभर, पापणी न लववता. आणि टीव्ही मोठा लावायच्या, म्हणजे आम्हाला वाटावं ऐकू येते. मी मुद्दाम करतात म्हणून वर लिहून ठेवलं आहे. खोडत नाही. राहू दे तिथंच, मला दिसत.

२१ जानेवारी, मंगळवार

आईंनी स्वतः विचारलं! सकाळी चहा गाळता गाळता — "तुह्या भावासंगं तू करते ते हात मले येतीन का? का म्हातारीले नाही येत?"

येतात! येतात! दूध, भूक, शी, थांब, ये, झोप — सहा खुणा दुपारपर्यंत. 'थांब' तर अशी करतात की बैलगाडी थांबेल.

२५ जानेवारी, शनिवार

नितीननं सुट्टी काढून आईंना नागपूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मशीन लागेल, डॉक्टर म्हणाले. उजव्या कानाला होईल फायदा. माप दिलं आहे, महिन्याभरात येईल. आई म्हणतात, "येऊ द्या, तोवर हात हायेत." नितीन गाडीत रडला असं सोबत गेलेल्या थोरल्या मानसीनं सांगितलं. मला त्यानं सांगितलं नाही. मला म्हणाला, "मला पण शिकव."

२८ जानेवारी, मंगळवार

घर बदलून गेलं आठ दिवसांत!

दार आता उघडं ठेवते मी. कोपऱ्यात, कॅमेऱ्याला दिसणार नाही तिथं, आई पाटावर. कॉल चालू असताना मानसी येते आणि चूपचाप हातानं विचारते — दूध देऊ? मी डोळ्यानं हो. आई हातानं तृप्तीला — इकडं ये, थांब, हात धू. आणि तृप्ती! जिला बोलताना चार शब्द धड जोडता येत नाहीत ती हातानं म्हणाली, आजी भूक बिस्कीट दोन. दोन!!

शाळेतून मानसीच्या बाईंचा निरोप आला, मुलगी वर्गात हातवारे करून गप्पा मारते, अर्धा वर्ग शिकला, समज द्या. समज दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले.

३१ जानेवारी, शुक्रवार

अकरा कॉल. एकही शेरा नाही. नाचले मी खोलीत. तृप्ती पण.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हात दुखून राहिले, अक्षर वाकडं येते, तरी आजचं आजच लिहायचं.

आई रजनी वहिनींसोबत जामसावळीला गेल्या, मारुतीला. मीच म्हटलं जा, दोन मंगळवार चुकले होते. नितीन दुसऱ्या पाळीत. तृप्ती झोपलेली, मानसी बाहेर चित्र काढत. अडीचलाच लॉगिन केलं. पहिलाच कॉल.

दवाखाना. बाळंतपण! नाव-गाव लिहीत नाही, नियम आहे. लहानशी बाई, वीस-बावीसची, कपाळावर केस चिकटलेले. नवऱ्यालाही ऐकू येत नाही, त्याला बाहेर ठेवलेलं. नर्सनं मोबाइल सलाईनच्या दांड्याला बांधला होता. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. म्हणजे त्या खोलीत तिला समजेल असं एकच तोंड, एकच हात. माझे.

डॉक्टर म्हणे, अभी नहीं, साँस लो. मी हातानं — अजून नको, श्वास घे. ती म्हणे, पाठ तुटते. मी तोंडानं — पीठ टूट रही है. असं चाललं वीस मिनिटं, तीस मिनिटं. तीस मिनिटांनी दुसरा दुभाषी मागता येतो. मी मागितला. कोणी मोकळं नव्हतं.

तेवढ्यात तृप्ती उठली. आधी रडणं ऐकू आलं, मग पावलं. मानसी धावली, अडवलं तिला, पण ती झोपेतून उठलेली, तिला मीच पाहिजे. मानसी दारातून हातानं विचारते — काय करू? काय करू? आणि मला उत्तर देता येत नाही. हात त्या बाईकडं होते. एक हातसुद्धा काढून घेतला असता तर तिला अर्धंच वाक्य गेलं असतं, आणि डॉक्टर त्याच वेळी म्हणत होते, आता जोर, आता!

तृप्ती मांडीवर चढली. हेडफोनची वायर ओढली, सुटली ती. चित्रात तिचं अख्खं डोकं. मनात म्हटलं — तिसरा. संपलं.

कळ ओसरली. त्या बाईनं पडद्याकडं पाहिलं. थकलेल्या हातानं विचारलं, तुझी?

हातानं जे काही बोललं जाईल ते सगळं तोंडानं सांगायचं, हा नियम. म्हणून नर्सला म्हटलं, "वह मुझसे पूछ रही है, तुम्हारी है क्या?" नर्स मास्कमधून हसली. मी हातानं सांगितलं, माझी. माफ कर, बाहेर नेते.

ती म्हणाली, नको. राहू दे. तिच्याकडं पाहते मी.

आणि खरंच, पुढच्या कळेला माझ्या हाताकडं पाहायची आणि मधेच तृप्तीच्या तोंडाकडं. तृप्ती गप्प. अंगठा तोंडात. एवढी गप्प ती जन्मात बसली नाही. मी तिच्या दोन्ही बाजूंनी हात काढून बोलत होते — जोर, अजून, थांब, डोकं दिसलं, जोर!

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी झालं. लॅपटॉपमधून रडणं आलं. बारीक, चिरकं, संतापलेलं. सगळी खोली हसली, आणि ती बाई एकटी सगळ्यांची तोंडं पाहत राहिली. तिला ऐकू आलं नव्हतं. मला सांगायचं होतं ते. लहानपणापासून शिकलेलं सगळं एका क्षणात गेलं डोक्यातून. हात वरच येईनात माझे.

तृप्तीनं अंगठा काढला. दोन बोटं डोळ्यांखालून गालांवर ओढली. बाळ रडते. आणि पुन्हा, मोठ्यानं म्हणतात तसं, मोठे हात करून — बाळ रडते!

मग माझे हात सुटले. मुलगी आहे. रडते आहे. जोरात रडते आहे. आवाज बारीक आहे पण दम आहे. डॉक्टर म्हणतात चांगली आहे.

ती रडली, मी रडले, नर्सपण. बाहेरच्या नवऱ्याला बोलावलं, त्यालाही मीच सांगितलं. मांडीवर तृप्ती, तिनं पुन्हा सांगितलं.

मानसी दारात उभी होती सगळा वेळ. कॉल संपल्यावर म्हणाली, "मम्मी, तू तर माझ्याकडं पाहिलंच नाही." जवळ घेतलं. "दोन्ही हात कामात होते बेटा." म्हणाली, "मला दिसत होतं."

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रत्येक कॉलनंतर फॉर्म असतो. "काही अडथळा आला का?" काल रात्री तो कोरा ठेवून झोपले. दवाखान्यातून कोणी तक्रार करणार नाही, ऑफिसात कोणी पाहणार नाही. आज सकाळी उघडला आणि लिहिलं — माझी अडीच वर्षांची मुलगी मांडीवर होती, शेवटचा अर्धा तास. ती बोललीसुद्धा.

आईंना विचारलं, बरोबर केलं का? त्यांनी हातानं उत्तर दिलं. 'चांगलं' केलं की 'जेवण' ते समजलं नाही, दोन्ही सारखंच करतात. पुढ्यात ताट ठेवलं, म्हणजे जेवणच असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

शीतल मॅडमचा फोन. उभ्यानं घेतला.

"तिसरा शेरा टाकला आहे वैशाली. नियम आहे तो."

हो म्हटलं.

"पण त्या बाईंनी दवाखान्यातून व्हिडिओ पाठवलाय. बाळाला कुशीत घेऊन एका हातानंच बोलतात, दोनदा पाहावा लागला. म्हणतात, पुढच्या तपासणीला हीच दुभाषी पाहिजे, आणि ती छोटीपण."

मी खुर्ची ओढून बसले.

"ट्रायल एक महिना वाढवलीय. कायम नाही. पण बंदही नाही. आणि दवाखान्याचे कॉल तुझ्याकडं जास्त येतील आता, चालेल ना? दुपारचा एक तास मात्र तूच कमी कर. मुली आहेत हे आधी सांगायचं होतंस, मी वेळ तशीच लावली असती."

सांगता आलं असतं! एवढं सोपं होतं!

कायम नाही म्हणून नितीनला वाईट वाटलं. मला का कोण जाणे, पेढे वाटावेसे वाटून राहिले. वाटले पण.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तिगावहून एक माणूस आला. वामनभाऊ. सोबत पाच वर्षांची मुलगी, चंचल. जन्मापासून ऐकू येत नाही. आईंनी त्याच्या बायकोला मंदिराच्या रांगेत सांगितलं होतं म्हणे, माह्या सुनेले हातानं बोलता येते. मुलगी शाळेत जात नाही. घरी तिला बोलवायचं म्हणजे खांदा हलवायचा, बस.

तिच्या डाव्या गालाला खळी आहे. हातानं बोलणाऱ्यांत नाव असंच ठेवतात, माणसात जे दिसते त्याचं. मी माझ्या गालावर बोट टेकवलं आणि तिच्याकडं दाखवलं. पुन्हा केलं. मग आईंनी केलं. मानसीनं, तृप्तीनं. ती एकेकीकडं पाहत राहिली, कितीतरी वेळ. मग सावकाश आपलं बोट आपल्या गालावर नेलं, आणि तेच बोट छातीवर ठेवलं.

वामनभाऊ घाबरून विचारून राहिले, "ताई, काय म्हनली ते? काय म्हनली?"

म्हटलं, "'मी' म्हणाली."